काशीचं दोन पानी भाषण

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मालिकांच्या पडद्यामागच्या गमती मागितल्या आहेत. "काका, हलकंफुलकं लिहा, चकली खाता खाता वाचता येईल असं," हे त्यांचे शब्द. गमती आहेत माझ्याकडे. नाशिकरोडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून मी वीसेक वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहिले. एवढ्या काळात माणूस शहाणा होतोच असं नाही, पण किस्से जमतात. त्यातला एखादा सांगतो आणि मग मला जे सांगायचंय तिकडे वळतो. ते हलकंफुलकं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिल्यांदा धंदा समजावून सांगतो, कारण मालिका एकच माणूस लिहितो असं लोकांना वाटतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मी तो तिसरा. पटकथाकाराकडून मला सीनचा सांगाडा येई: स्वयंपाकघर, सकाळ, सासू टोमणा मारते, सून गप्प. त्यात बोलणं भरायचं ते माझं काम. भाग रोज दाखवायचा, म्हणजे बोलणंही रोज हवं. शूट झालेले पण अजून न दाखवलेले भाग म्हणजे आमची 'बँक'. बँकेत आठदहा भाग असले की निर्माता तुमच्याशी माणसासारखा बोलतो. बँक आटली की कलाकार मेकअप करून बसलेले असतात आणि लेखक फोनवर एकेक पान पाठवत असतो. आणि दर आठवड्याला आकडे येतात, किती लोकांनी बघितलं त्याचे. त्या दिवशी आमच्या घरात माझ्याशी कुणी फारसं बोलत नसे.

मध्येच चॅनलकडून 'संदेश' येत. झाडं लावा, पाणी वाचवा, मुलींना शिकवा. एकदा निवडणुकीच्या तोंडावर निरोप आला, उद्याच्या भागात मतदानाचा संदेश घाला. उद्याचा भाग म्हणजे नायिकेची हळद. दुसरा सीनच नव्हता. मग मी हळदीने माखलेल्या नवरीच्या तोंडी लोकशाही घातली. बाकीच्या बायका पिवळे हात तसेच हवेत धरून तिचं ऐकत उभ्या. पुढच्या आठवड्यात भाजीबाजारात एका बाईंनी मला गाठलं. त्या आमच्याच बिल्डिंगच्या, माझा उद्योग त्यांना माहीत होता. म्हणाल्या, "अहो, त्या पोरीच्या अंगावर हळद वाळून गेली, तरी तिचं बोलणं काही संपेना." मी त्यांच्याबरोबर हसलो. ते भाषण वरून आलेलं होतं, त्यामुळे हसायला माझं काही जात नव्हतं.

माझी स्वतःची भाषणं मात्र वेगळी होती. त्यांना कुणी हसलेलं मला खपत नसे.

त्याचं मूळ एकलहऱ्यात. वडील तिथल्या वीज केंद्रात फिटर, आम्ही कॉलनीत वाढलो. तरुणपणी आम्ही मित्र मिळून पथनाट्यं करायचो आणि ती मी लिहायचो. शेवट ठरलेला. आमच्यातला एकजण खोक्यावर उभा राहून, कोण कुणाला लुबाडतंय आणि का, ते सगळं स्पष्ट करून सांगायचा. शिफ्ट सुटलेली माणसं डबे हातात घेऊन टाळ्या वाजवायची. वडीलही वाजवायचे. एकदा घरी आल्यावर ते म्हणाले, "नाटक झकास होतं. फक्त शेवटी तू आम्हाला आमचीच गोष्ट समजावून का सांगतोस?" मला वाटलं, फिटर माणूस, नाटकातलं काय कळतंय. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

मालिकेत आलो तरी ते खोकं मी बगलेत मारूनच आलो. नायिकेने छळ सोसला की तिसऱ्या दिवशी ती स्त्रीमुक्तीवर बोलायची. रिक्षावाला भाडं नाकारून समतेवर बोलायचा. पटकथेत दोन वाक्यं असली तर मी दहा करायचो. आपण सासू-सुनांच्या कचऱ्यातही विचार पेरतोय, असं मी मनापासून मानत होतो. सेटवर मला पाठीमागे 'सभा' म्हणायचे. "सभेची पानं आली का?" असं विचारायचे. हे मला फार उशिरा कळलं.

आता मंजुळाबद्दल. मालिकेचं नाव सांगत नाही, चॅनलचं आणि निर्मात्याचंही नाही. शूटिंग गंगापूर रोडच्या पुढे एका भाड्याच्या बंगल्यात चालायचं. मंजुळा सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यावरची. घरी थोडी भात-नागलीची शेती, आणि भाताची कापणी झाली की सगळं घर द्राक्षबागांच्या कामाला निफाडकडे यायचं. ही शिकायला नाशिकला वसतिगृहात राहिली, कॉलेजात एकांकिका केल्या, मग अंबडला एका कंपनीत पॅकिंगला लागली. सुट्टीच्या दिवशी ऑडिशन देत फिरायची. आमच्याकडे तिला मोलकरणीचं काम मिळालं. भूमिकेचं नाव काशी. सुरुवातीला फक्त चहाचा ट्रे आणणं आणि नेणं.

पण ही पोरगी ऐकायची. म्हणजे कॅमेरा दुसऱ्यावर असला, संवाद तिसऱ्याचा असला, तरी कोपऱ्यात उभी राहून ती खरोखर ऐकत असायची. मालिकेत हे दुर्मिळ आहे. बाकीचे आपल्या ओळीची वाट बघत असतात. पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं. 'ती काशी छान आहे' असे निरोप चॅनलकडे यायला लागले. तिचे सीन वाढले, तसा कंपनीच्या पाळ्यांशी मेळ बसेना. एके दिवशी तिने मला विचारलं, "सर, अंबडची नोकरी सोडू का? धाकट्या बहिणीला शिकायला आणलंय इथं. तिचं सगळं माझ्यावर हाय."

"सोड," मी म्हणालो. "काशी दोन वर्षं कुठे जात नाही. मी आहे ना."

तिने सोडली.

त्यानंतर तीनेक महिन्यांत तो सीन आला. सांगाडा असा होता: काशीची आई आजारी, काशी चार दिवस रजा मागते, घरची मोठी बाई नाही म्हणते, चारचौघांत अपमान करते, काशी काम सोडून निघून जाते. पुढच्या आठवड्यात धाकटी सून तिच्या गावी जाऊन तिला परत आणणार होती. काशीचा पाया पक्का करणारा ट्रॅक, म्हणजे उपकथानक. पटकथेत तिला दोनच ओळी होत्या.

मी दोन पानं लिहिली. डोंगरातली माणसं शहरात का येतात, त्यांच्या कष्टावर कुणाचे बंगले उभे राहतात, कायदा काय म्हणतो, व्यवस्था काय करते, सगळं आलं. मंजुळाच्या घरची हकीकत मला माहीत होती, तीही ओतली. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, स्वतःच्याच वाक्यांनी आलं.

शूटच्या आदल्या दिवशी दुपारी मी सेटवर होतो. मंजुळा पानं घेऊन आली. बंगल्यामागे पाण्याच्या टाकीजवळ आम्ही उभे होतो.

"सर, रागावणार नसाल तर बोलू?"

"बोल."

"काशी एवढं नाय बोलणार."

"का नाही बोलणार? तिला राग नाही आला?"

"लय आला. म्हणूनच नाय बोलणार." तिने पानं काखेत धरली. "आमी द्राक्षावर जायला निघतो ना, त्या दिवशी सगळं सामान टेम्पोत टाकून झाल्यावर माझी आई परत आत जाते आणि चूल सारवते. चार महिने ती चूल पेटणार नाय. तरी सारवते."

"का?"

"तशीच टाकून कसं जायचं? आपली हाय ना." मग तिने बोटाने बंगल्याकडे दाखवलं. "काशीनं पण तसंच करावं, असं मला वाटतं. बाई बोल बोल बोलली. काशीनं ऐकून घेतलं. ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि गेली. ओटा तिचा नाय, पण पुसला तर रोज तिनंच ना."

मला नीट आठवतंय. आत कुठेतरी कळलं होतं की हे माझ्या दोन पानांपेक्षा मोठं आहे. आणि त्याचाच राग आला. मी म्हणालो, "मंजुळा, हे लोकांना समजणार नाही. टीव्ही आहे हा. लोकांना सांगावं लागतं. तुझ्या माणसांसाठीच लिहिलंय मी हे. तुलाच नको असेल तर मग बोलणंच खुंटलं."

तिने पानांची घडी केली. "नको नाय सर. करते पाठ," एवढंच म्हणाली.

आमच्याकडे कुणी फारसं पाठ करत नाही. कॅमेऱ्यामागून सहायक एकेक ओळ हळूच सांगतो, कलाकार ती म्हणतो. मंजुळाने मात्र दोन्ही पानं पाठ केली. दुसऱ्या दिवशी एका दमात, कुठेही न अडखळता म्हटली. युनिटने टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात. त्या टाळ्या पाठांतराला होत्या, पण मी त्या माझ्या समजलो.

भाग लागला तेव्हा घरी मी आणि नलू, म्हणजे माझी बायको, समोर बसलो होतो. काशीने बोलायला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदाला नलू बघत होती. दुसऱ्याला तिने मांडीवरच्या शेंगा निवडायला घेतल्या. तिसऱ्याला उठून आत गेली. मी म्हणालो, "अगं, महत्त्वाचं चाललंय." आतून आवाज आला, "ऐकू येतंय की. तुम्हीच बोलताय ना?" टीव्हीवर मंजुळा होती आणि माझ्या बायकोला माझा आवाज ऐकू येत होता. त्यावेळी मला हे लागलंच नाही.

आकडे आले. भाषण होतं त्या पाव तासात लोक भराभर दुसरीकडे गेले होते. लगेच बैठक बोलावली. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, चॅनलच्या मॅडम मुंबईहून आलेल्या, निर्माते, दिग्दर्शक आणि मी. मॅडमनी सरळ विचारलं, "पटकथेत दोन ओळी आहेत. दोन पानं झाली कशी?"

दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात निर्माते म्हणाले, "त्या मुलीनेच मागून घेतलं असणार. शूटच्या आदल्या दिवशी टाकीजवळ काकांच्या मागे लागली होती पानं घेऊन, मी बघितलं. जरा चार लोक ओळखायला लागले की ही मंडळी डायलॉग वाढवून मागतात. काका भिडस्त आहेत, देतात."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "असं झालं का सर?"

आयुष्यभर कष्टकऱ्यांच्या बाजूने किती पानं लिहिली याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्या खोलीत एकच वाक्य बोलायचं होतं. 'नाही, ते माझं होतं.' पण त्याच्या आधीच्या महिन्यात चॅनलने दुसऱ्या एका मालिकेचा संवादलेखक बदलला होता, आणि माझी साठी जवळ आली होती. समोर पाण्याचा ग्लास होता. मी तो उचलला आणि सावकाश सगळं पाणी प्यालो. ग्लास खाली ठेवेपर्यंत विषय पुढे गेला होता. मॅडम म्हणत होत्या, "ट्रॅक बंद करा. सून तिला आणायला जात नाहीये."

पात्र काढायचं तर आमच्याकडे त्याला गावाला पाठवतात. त्याला वेगळा सीनही लागत नाही. मीच लिहिलं ते, सासूच्या तोंडी एक ओळ: 'काशी आता येणार नाही, आईजवळच राहणार म्हणे.' ती लिहायला मला एक मिनिटही लागलं नाही.

मंजुळाला कुणी काही सांगितलं नाही. तशी पद्धतच नाही. उद्या किती वाजता यायचं त्याचा निरोप रोज येतो, तो येणं थांबतं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "सर, माझा कॉल नाय आला. तुमाला काय माहिती?"

"बघतो," मी म्हणालो. नंतर तिचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत.

मालिका वर्षभराने संपली, मीही लिहिणं थांबवलं. निरोपाला शाल, नारळ आणि सामाजिक जाणिवेचा लेखक म्हणून सत्कार. सत्काराला उत्तर देताना मी बरंच बोललो.

मंजुळा भेटली ती त्यानंतर दोन वर्षांनी. अंबडला भाच्याचं छोटं वर्कशॉप आहे, तिकडे गेलो होतो. पाळी सुटली होती. कंपनीच्या गेटसमोर चहाच्या गाडीवर ती मैत्रिणींबरोबर उभी होती. मी पाठ फिरवणार होतो, पण तिने हाक मारली. "सर, चहा घ्या ना."

पुन्हा पॅकिंगलाच होती. बहीण नर्सिंग शिकत होती. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मी उगाच विचारलं, "मग अभिनय सोडलास का?"

"सोडला नाय. दोन ठिकाणी ऑडिशन चांगली झाली. मग फोन आला, म्हणाले, तू डायलॉग वाढवून मागते असं ऐकलंय, तसल्या भानगडी नको." तिने कप खाली ठेवला. "सर, मी मागितले होते का?"

"नाही."

"तुमाला माहिती हाय ना? मग एकदा सांगा त्यांना. दुसरं काय नको मला."

मी म्हणालो, "सांगतो. नक्की सांगतो."

आणि हेच मला लिहायचं होतं. घरी येऊन मी निर्मात्यांना पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात मालिकांच्या दुनियेतली उतरंड आली. दुसऱ्यात आदिवासी मुलींना मिळणारी वागणूक आली, आकड्यांच्या मागे धावणारी चॅनलं आली. तिसरा चार पानी झाला, आणि तो मला फार आवडला. स्वयंपाकघरात जाऊन नलूला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अहो, सगळं खरं आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

मी चारही पानं पुन्हा पाहिली. व्यवस्था होती, समाज होता, 'आपण सगळे' होतो. मी नव्हतो. आयुष्यभर मोठमोठ्या आवाजात बोललो ते कशासाठी, हे मला त्या दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात उमगलं. निदान थोडंफार उमगलं. जगाला जाब विचारत राहिलं की आपल्याला कुणी जाब विचारत नाही. मला लाज वाटली. तरीही ते पत्र मी पाठवलं नाही. छोटं पत्र लिहायचा धीर झाला नाही आणि मोठं पाठवायला तोंड राहिलं नाही. असंच दीड वर्ष गेलं. तेही मी इथे लिहून ठेवतो.

संपादकांचा फोन आला तेव्हा आधी नाही म्हणणार होतो. मग बसलो आणि सगळ्यात आधी, बैठकीत न बोललेली ती एक ओळ निर्मात्यांना मोबाइलवर पाठवली. त्यांचं उत्तर आलं, 'काका, इतक्या वर्षांनी कशाला हे?' मी पुढे काही समजावलं नाही. फक्त तीच ओळ पुन्हा पाठवली. चॅनलच्या मॅडमनाही पाठवली, त्यांचं उत्तर नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी अंबडला गेलो. मंजुळाला त्याच चहाच्या गाडीजवळच्या कट्ट्यावर बसवून सगळा वाचून दाखवला. ती ऐकत होती, जशी काशी ऐकायची तशी. तिच्या आईच्या चुलीचा भाग आला तेव्हा मी थांबलो. विचारलं, "हे राहू दे का? तुझं आहे ते. आणि तुझं नाव?"

"नाव घाला. त्याच्यासाठीच तर सगळं. चुलीचं पण राहू द्या." मग म्हणाली, "पण सर, आता समजेल का ते लोकांना?"

मी म्हणालो, "त्यांना तेव्हाही समजलं असतं."

ती दोन चहा सांगून आली. मी विचारलं, "लेख कसा वाटला?"

"लय लांब हाय."

"कापू?"

"नको. शेवटाला मात्र जे झालं तेवढंच लिहा. भाषण नको."

म्हणून इथे तेवढंच लिहितो. काशीचं ते दोन पानी भाषण मी लिहिलं होतं. मंजुळाने ते मागितलं नव्हतं. काशी एवढं बोलणार नाही, असं तिने मला सांगितलं होतं, आणि बैठकीत मला विचारलं तेव्हा मी पाणी प्यालो.